औंदा माती राहू दे

हल्ली कुणी विचारलं, की रविवारी तुम्ही प्रार्थनेच्या संगतीला का जात नाही, तर माझं उत्तर ठरलेलं आहे. मी म्हणतो, विचार बदलले हो माझे. बायबलातल्या भविष्यवाणीचा अर्थ मी वेगळा लावायला लागलो, त्यांना तो पटला नाही, आणि माणसं तुटली. समोरचा मान डोलावतो. एखादा भला माणूस वर म्हणतोसुद्धा, की खरं बोलणाऱ्याला सोसावं लागतंच. मग मी फार सोसल्यासारखा चेहरा करतो. ही माझी लबाडी आहे. सांगतो ते निम्मं खरं आहे, आणि त्याच्या आड उरलेलं निम्मं मी जवळजवळ तीन वर्षं लपवून ठेवलंय.

आमचं गाव उरणकडे, खाडीच्या काठाला. बंदर आलं, मिठागरं मोडली, बरीचशी जमीन गेली आणि जो तो ट्रेलर, डंपर, गोडाऊन यांच्या मागे लागला. मी कंटेनर यार्डात टॅली क्लार्क झालो. गाडी आली की डब्यावरचा नंबर वाचायचा, सील बघायचं, हातातल्या कागदाशी जुळवायचं. कंटेनरला आम्ही डबाच म्हणतो. गावात आम्ही पाच घरं विश्वासी, म्हणजे येशूला मानणारी. आमच्या बापजाद्यांत कुणी ख्रिस्ती नव्हतं. जो तो आपापल्या दुखण्यातून, आपापल्या खड्ड्यातून तिथे पोचला होता.

माझा खड्डा दारूचा. त्यातून मला काढलं ते माझ्या मित्राने. तो माझ्याहून दोन वर्षांनी लहान, खालच्या आळीतला, शेतावर राबणारा माणूस. माझ्या आधी तो विश्वासात आला होता. मला तेव्हा कुणी येऊन सांगितलं असतं, की देव तुझ्यावर प्रेम करतो, तर मी त्याच्या आईबापाचा उद्धार केला असता. याने तसलं काही सांगितलं नाही. मी सुटायच्या वेळेला तो यार्डाच्या गेटवर सायकल घेऊन उभा राहायचा आणि मला गुत्त्याच्या रस्त्यावरून वळवून घरी आणायचा. आणल्यावर जायचाही नाही. आमच्या ओट्यावर वाल सोलत बसायचा, मला झोप लागेपर्यंत. असं त्याने दीड महिना केलं. त्याची बायको माझ्या बायकोला म्हणायची, आमच्या धन्याने तुमच्याकडे दुसरा संसार मांडलाय, आता मला काडीमोड द्या म्हणावं. आज मी शुद्धीवर बसून हे लिहितोय ते त्या दीड महिन्यामुळे.

त्याला वाचता येत नव्हतं. दुसरीत शाळा सुटलेली. मी त्याला वाचायला शिकवलं, बायबल समोर ठेवून, बोट धरून. पहिलं अख्खं पान त्याने एकट्याने वाचलं तेव्हा त्याचा सदरा घामाने भिजला होता. तेव्हापासून तो मला मास्तर म्हणायला लागला, आणि त्याचं ऐकून बाकीची घरंही. पास्टर पनवेलहून महिन्यातून एकदा यायचे. मधल्या रविवारी वचन सांगायचं काम आपोआप माझ्याकडे आलं.

आणि मला नाद लागला भविष्यवाणीचा. दानिएल, प्रकटीकरण, शेवटचा काळ, विश्वासी लोक एका क्षणात वर स्वर्गात उचलले जाणार, ते सगळं. बाकीचं बायबल सांगताना लोक जांभया द्यायचे, पण श्वापद आणि शिक्के काढले की म्हाताऱ्याकोताऱ्यासुद्धा पदर सावरून पुढे सरकायच्या. मी एका दुहेरी चादरीवर मोठा तक्ता करून घेतला. आमच्या नाक्यावर ट्रकच्या पाठी नावं रंगवणारा एक पेंटर होता, त्याच्याकडून. मी त्याला म्हटलं, सात डोकी आणि दहा शिंगं काढ. तो बराच वेळ ब्रश धरून उभा राहिला आणि मग त्याने विचारलं, की सात डोक्यांत दहा शिंगं वाटायची कशी? प्रश्न रास्त होता, आणि मला अजूनही त्याचं उत्तर येत नाही. शेवटी त्याने ते श्वापद ट्रकच्या फळीवर काढतात तसल्या वाघासारखं काढलं, झुपकेदार मिशा आणि लाल जीभ. पोरं हसायची त्याला. पण त्या तक्त्यासमोर छडी घेऊन उभा राहिलो की आपण कुणीतरी आहोत असं मला वाटायचं. यार्डात मला कोण विचारत होतं? तिथे मी गेटवरचा कारकून.

कोरोना आला तेव्हा तर मला रानच मोकळं मिळालं. बातम्यांतली एकेक गोष्ट मी तक्त्यावरच्या चौकटीत बसवत गेलो. लोक घाबरलेले होते, आणि घाबरलेल्या माणसाला तारीख हवी असते. तारीख मी दिली नाही, तेवढा हुशार होतो. पण पुन्हा जमायला परवानगी मिळाली त्याच्या पहिल्याच रविवारी बोलण्याच्या भरात मी म्हणून गेलो, अजून दोन पावसाळे, तिसरा पावसाळा आपण इथून बघणार नाही. आमची संगत भरायची त्या पत्र्याच्या शेडमध्ये आधी एका म्हातारीने आमेन म्हटलं. मग एकामागून एक आमेन. आमच्यात शिकवणाऱ्याच्या शब्दाला सगळ्यांनी आमेन म्हटलं की तो शब्द त्याच्या एकट्याचा राहत नाही. माझा मित्र पहिल्या रांगेत बसला होता आणि त्याचे डोळे आनंदाने भरून आले होते. त्याला खरंच जायचं होतं.

पहिला पावसाळा सरला. दिवाळीच्या सुमारास बायकोला कसलासा जुना दाखला हवा होता म्हणून मी पत्र्याची पेटी उपसली, आणि तळाला माझीच एक वही निघाली, वीसएक वर्षांपूर्वीची. तिच्यात हाच तक्ता, पेनने काढलेला. चौकटी त्याच, वचनं तीच. आता जिथे मी साथ आणि लस लिहिलं होतं तिथे तेव्हा जगातले कॉम्प्युटर बंद पडणार असं लिहिलेलं. पुढे ते खोडून तिथे एक लढाई आली होती, ती खोडून त्सुनामी, ती खोडून आणखी काही. प्रत्येक वेळी शाई वेगळी, अक्षर माझंच. मी पेटीशेजारी जमिनीवर फतकल मारून बसलो. यार्डात पहिल्या दिवशी मला शिकवलं होतं, की नंबर जुळला नाही तर डब्यावरचा नंबर खरवडायचा नसतो, आपल्या कागदात दुरुस्ती करायची. वीस वर्षं मी तक्ता तसाच ठेवून डबाच खरवडत होतो. बायको दाखला मिळाला का विचारायला आली, तर मी तिच्या हातात वही दिली.

पुढचे काही महिने मी गुपचूप वाचलं, पुन्हा पहिल्यापासून, छडी बाजूला ठेवून. मी येशूला सोडलं नाही, हे आधीच सांगतो, कारण लोक तसंच धरून चालतात. तो येईल असं मी आजही मानतो. पण प्रकटीकरण हे त्या काळच्या सात गावांतल्या विश्वासी मंडळ्यांना लिहिलेलं पत्र होतं, छळाने जेरीला आलेल्या माणसांना धीर द्यायला लिहिलेलं, एवढं मला दिसायला लागलं. माझ्या मोबाइलवरच्या बातम्या त्यांच्या काय कामाच्या होत्या? पत्र त्यांचं, आणि पत्त्यावर मी माझं नाव घालून बसलो होतो. हे कळलं तेव्हा बरंही वाटलं. डोक्यावरचं ओझं उतरल्यागत हलकं वाटलं.

आता पुढचं सांगायला जीभ अडते. हे सगळं कळल्यावर मी वर्षभराहून जास्त तोंड उघडलं नाही. दर रविवारी तक्ता टांगत होतो, छडी फिरवत होतो, आमेन घेत होतो. बायकोला सांगायचो, एकदम बोललो तर लोकांच्या विश्वासाला धक्का बसेल, जरा दमाने घेऊ. थापा सगळ्या. मला मास्तरकी सोडवत नव्हती. आणि भीतीही होती, ती खोटी कशाला म्हणू? गावाशी आमचं जेमतेम. ही बाकीची चार घरंच आमची सोयरी, लग्नाला तीच आणि मयताला तीच. तीही गेली तर मला खांदा द्यायला कोण येणार, असला विचार मी पन्नाशीत करत होतो. मी हिशेब केला, की तिसरा पावसाळा येईल, काहीच होणार नाही, लोकांना आपोआप कळेल, आणि माझी झाकली मूठ झाकलेलीच राहील.

पण मध्ये बांध आला. आमची भातशेती खारातली आहे. खाडीच्या अंगाला मातीचा मोठा बांध आहे. तो आहे म्हणून आत भात पिकतं, तो फुटला की आत खाडी शिरते. दरवर्षी शिमगा झाला की अख्खं गाव बांधावर उतरतं. ओहोटीला चिखल काढायचा, घमेल्यांनी हातोहात पुढे द्यायचा, पेंढा घालून पायांनी तुडवायचा. प्रत्येक घराला बांधाचा आपला तुकडा काठीने मोजून दिलेला आहे, आजोबा-पणजोबांपासून. आम्ही पाच घरांनी गावदेवीची वर्गणी बंद केली, जत्रेतला मान सोडला, तेव्हा गाव रागावलं होतं. पण बांधावर आमच्या हातचं घमेलं कुणी नाकारलं नाही. देव वेगळा झाला तरी खाडी सगळ्यांना एकच. आमची शेतं आणि आमचे बांधाचे तुकडे टोकाला, एकमेकांना लागून होते. माझा मित्र तिथे सगळ्यांच्या आधी उतरायचा आणि सगळ्यांच्या मागून वर यायचा. गावातले त्याला चिडवायचे, की तुझा येशू पाण्यावरून चालायचा म्हणतात, मग तू चिखलात का रं रुततोस? तो हसायचा आणि आणखी दोन घमेली पुढे सरकवायचा.

त्या वर्षी दुसराही पावसाळा मागे पडला होता. शिमगा झाला, गावात बांधाचा निरोप फिरला. संध्याकाळी मित्र माझ्याकडे आला. ओट्यावर बसला, चहा घेतला, इकडचं तिकडचं बोलला. मग म्हणाला, "मास्तर, औंदा बांधाला माती घालाची का न्हाय?"

मी म्हटलं, असं का विचारतोस? तो अवघडला. बाकीच्या घरांत बोलणं झालं होतं. तिसरा पावसाळा बघायचाच नाही तर माती कुणासाठी घालायची, असं लोक म्हणत होते. आमच्यातल्या एका बाईने, तिला सगळे सिस्टर म्हणतात, तर सांगितलं होतं, की माती घालणं म्हणजे प्रभूच्या येण्यावर अविश्वास दाखवणं. पण मला राहवत नाही, तो म्हणाला. शिमगा झाला की हात शिवशिवतात. बापाने धरलेला बांध आहे. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, तू सांगशील तसं करू.

त्याला काय ऐकायचं होतं ते मला स्वच्छ दिसत होतं. त्याला 'घाल' ऐकायचं होतं. तेवढं ऐकलं असतं तर तो चहा अर्धा टाकून फावडं काढायला पळाला असता. पण घाल म्हटलं असतं तर येत्या रविवारी बाकीच्या घरांनी मला विचारलं असतं, मास्तर, मग तिसऱ्या पावसाळ्याचं काय? आत बायको भाकऱ्या थापत होती, तिचा हात थांबला. तिला माझं सगळं ठाऊक होतं. मी कप खाली ठेवला आणि म्हणालो, "औंदा माती राहू दे."

तो बरं म्हणाला. उरलेला चहा संपवला, कप उचलून आत नेऊन ठेवला, नेहमी ठेवायचा तसा, आणि गेला. जेवताना बायकोने मला वाढलं आणि समोर बसून राहिली. मग म्हणाली, "त्यांचं पोट त्या शेतावर आहे. तुमचं यार्डात आहे." मी तिच्यावर ओरडलो. तुला काय कळतंय त्यातलं, असं काहीतरी म्हणालो. तिला सगळं कळत होतं म्हणूनच ओरडलो.

गाव बांधावर उतरलं. आमच्या टोकाला कुणी नाही. दोन दिवस वाट बघून गावातले एक जाणते आजोबा मित्राच्या दारात आले आणि त्यांनी विचारलं, घरात कुणाचं दुखलंखुपलं आहे का? आम्ही तुमचा तुकडा भरून घेतो, फक्त सांगा. मित्राने हात जोडून त्यांना सांगितलं, की आम्हाला आता त्याची गरज लागणार नाही. आम्ही देव सोडला तेव्हा जेवढं गाव दुखावलं नव्हतं तेवढं त्या उत्तराने दुखावलं. म्हातारा आल्या पावली परत गेला. हे मला मित्रानेच येऊन सांगितलं, बरोबर बोललो ना मी, असं विचारत. मी हो म्हणालो.

तिसरा पावसाळा आला. आम्ही सगळे आपापल्या घरी, कुणीही उचललं गेलं नाही. मित्राने आवणात भाताचं रोप टाकलं आणि लावणीही केली. मला न विचारता केली. रिकामं शेत बघवेना, एवढंच बोलला. भात तरारून आलं, त्या वर्षी पाऊसही मापात होता. मला वाटलं, सुटलो. नारळी पौर्णिमेच्या उधाणाला आमच्या टोकाचा बांध फुटला. भर दुपारी फुटला, मी यार्डात होतो. घरून फोन आला म्हणून सुटी टाकून आलो, तर पोटरीएवढ्या भातात खाडी शिरलेली आणि मित्र त्या भगदाडात कमरेएवढ्या पाण्यात उभा. हातात पेंढ्याची गुंडी. ती टाकायचा, पाणी ती घेऊन जायचं, तो दुसरी मागायचा.

पाची घरांतली धडधाकट माणसं मिळून आम्ही अकरा. तीन ओहोट्या आम्ही ते भगदाड बुजवायला झटलो आणि तिन्ही भरत्यांनी ते पहिल्यापेक्षा मोठं केलं. असल्या कामाला साठ-सत्तर हात लागतात. गावाकडे जायला हवं होतं. मित्र म्हणाला, कुठल्या तोंडाने जाऊ? मी जाऊ शकलो असतो. मी जाऊन त्या आजोबांना सांगायला हवं होतं, की चूक माझी आहे, त्याने माझं ऐकलं. मी गेलो नाही. गावाने चार दिवसांत आमच्या शेतांमागचा आतला ठेंगणा बांध उंच करून आपली शेतं वाचवली. आम्हा पाच घरांची जमीन बाहेर राहिली, खाडीत.

त्या रविवारी मी तक्ता टांगला नाही. उभा राहिलो आणि बोललो. वहीचं सांगितलं, पत्राचं सांगितलं, मी लावलेला अर्थ चुकला आणि मी तुम्हाला तिसरा पावसाळा सांगायला नको होता, हेही सांगितलं. घाबरत होतो तसा गोंधळ झाला नाही. सिस्टर म्हणाली, मास्तर, ही तुमची परीक्षा आहे, सैतान आत्ताच जोर करणार. दुसरा एक जण म्हणाला, बांध फुटला हीच तर खूण आहे, संकटाची सुरुवात. ते माझंच शिकवणं होतं, माझ्याच शब्दांत, आणि ते माझ्यावर उलटत होतं. त्यांच्याशी मी वाद घालू शकलो असतो. पण मित्र उठून उभा राहिला.

"कवापासून?" त्याने विचारलं.

मला कळलं नाही असं मी दाखवलं. काय कधीपासून?

"तुला ठाव हाय कवापासून? माती घालाच्या अगोदरपासून?"

शेडमध्ये पाची घरं होती, त्यांची पोरंबाळं होती, माझी बायको होती. मी हो म्हणालो.

तो माझ्याकडे बघत उभा राहिला. रागाने नाही. बांध फुटला त्या दिवशी भगदाडाकडे बघत होता तसा, कुठून धरावं ते न कळून. मग त्याने बायकोला खूण केली आणि दोघं बाहेर गेली. पुढचं मला नीटसं आठवत नाही. पास्टर आले, माझ्याशी एकांतात बोलले, आणि पश्चात्ताप होईपर्यंत प्रभुभोजनाची भाकर घेऊ नका म्हणाले. कशाचा पश्चात्ताप, असं मी विचारलं, तर ते म्हणाले, शिकवण सोडल्याचा. मला हसू आलं आणि त्याचाच त्यांना जास्त राग आला. शिकवण सोडल्याचा मला पश्चात्ताप नव्हता. दुसऱ्या गोष्टीचा होता, ती त्यांनी विचारली नाही.

मग माणसं गेली. भांडून नाही. पहाटे फोनवर वचनं यायची, फुलांची चित्रं लावून, ती बंद झाली. मला त्या फुलांचा वैताग यायचा. आता पहाटे जाग येते आणि मी फोन बघतो. शेवग्याच्या शेंगा, वालाचं बिरडं, सुकट, घरातून घरात जायचं ते थांबलं. बायकोने काही बोल लावला नाही, पण विहिरीवर ती एकटी जाते आणि एकटी येते. लेकीच्या साखरपुड्याला बाकीच्या चारी घरांना मी स्वतः जाऊन सांगून आलो. फक्त ती सिस्टर आली. जेवली, लेकीच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली, आणि माझ्याशी न बोलता गेली. तक्ता अजून तिथेच टांगतात म्हणे. पावसाळ्यांची गणती नव्याने केली आहे.

यांच्याबद्दल मला वाईट वाटतं, पण ते मी पचवू शकतो. माझं मत बदललं, त्यांचं नाही. असं होतं जगात. पण मित्र त्या रविवारनंतर संगतीलाही गेला नाही. त्याचं मत बदललं की नाही मला ठाऊक नाही. तो कुठेच जात नाही. आता तो गोडाऊनमध्ये माल चढवतो-उतरवतो, पोरांच्या बरोबरीने, या वयात. त्याच्या घरात पिढ्यान्पिढ्या भात विकत आणलं नव्हतं. खारातल्या माणसाने दुकानातून तांदूळ आणणं म्हणजे काय ते बाहेरच्याला नाही कळायचं. पिशवी तो धोतराआड लपवून आणायचा, असं बायकोने मला सांगितलं. पहिल्या वर्षी मी तांदळाचं एक पोतं त्याच्या ओट्यावर नेऊन ठेवलं. घरात कुणी नव्हतं तेव्हा ठेवलं, चोरासारखं. दोन दिवसांनी मी कामावर निघालो तर पोतं माझ्या स्कूटरवर, सुतळीने नीट बांधलेलं. त्याच्या बायकोने ते फोडूनही बघितलं नव्हतं. दुसऱ्या वर्षी मी ते धाडस केलं नाही.

भगदाड आता ट्रक जाईल एवढं आहे. आत खारफुटीची तिवरं उगवली, छातीएवढी झाली. तिवरं एकदा उभी राहिली की तोडता येत नाहीत, कायद्याने ते जंगल होतं. म्हणजे बांध उद्या नवा घातला तरी शेत परत मिळणार नाही. या वर्षी पंचनाम्यासाठी पाची घरांना तलाठी कार्यालयात बोलावलं. सातबारा घेऊन या, सही करा, जमिनीवर तिवरं आहेत म्हणून. बाहेर एकच बाक. मित्र आधीच येऊन बसला होता. मी उभा राहिलो. त्याने हाताने बाकावर थोपटलं, बस म्हणून. मी त्याच्या शेजारी बसलो, मध्ये त्याची पिशवी.

तासभर आमचा नंबर आला नाही. त्याची दाढी पांढरी झाली आहे. हाताला गोडाऊनमधल्या पट्ट्यांचे वळ. मी मनात वाक्यं जुळवत होतो, माफी कशी मागायची, सुरुवात कुठून करायची. तीन वर्षं मी ती वाक्यं जुळवतोय. शेवटी त्यानेच तोंड उघडलं, समोरच्या भिंतीकडे बघत.

"मग प्रभू येनार कवा, मास्तर?"

मला वाटलं, टोमणा मारतोय. वळून बघितलं तर नाही. तो खरंच विचारत होता. गावात, संगतीत, गोडाऊनमध्ये, ज्याला हे विचारावं असा दुसरा माणूस त्याला अजून सापडला नव्हता.

"ठाऊक नाही," मी म्हणालो.

त्याने मान हलवली. आतून शिपायाने त्याला हाक मारली. तो गुडघ्यावर हात टेकून उठला, पिशवीतून सातबारा काढला.

"येवढंच तू बोलाचं व्हतं तवा," तो म्हणाला, आणि सही करायला आत गेला.